दोन रॉड, तीन तऱ्हेच्या प्लेट्स: पाच वर्षं वापरून झाल्यावर

घरी वजन उचलायचं ठरवलं तेव्हा मी सगळा विचार केला तो प्लेट्सचा. किती किलो घ्यायच्या, रबरवाल्या की बिडाच्या, रंगीत की काळ्या. रॉडचं काय, म्हणजे प्लेट्स अडकवायच्या लांब दांड्याचं, तो सेटसोबत येतोच. हा विचार पार उलटा होता हे कळेपर्यंत दीड वर्ष गेलं आणि एक रॉड वाकला. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय, कारण त्या वेळी हे मला कोणीतरी सांगायला हवं होतं. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही, तीच कंपनी वर्षभराने त्याच नावाखाली वेगळा माल विकायला लागते, तेव्हा नावापेक्षा माल कसा बघायचा हे सांगितलेलं जास्त उपयोगाचं.

आधी आम्ही काय करतो ते सांगते, कारण त्यावर सगळं ठरतं. स्क्वॉट (रॉड पाठीवर घेऊन बैठक), बेंच (आडवं पडून छातीवरून वर ढकलणं), डेडलिफ्ट (जमिनीवरून उचलणं) आणि ओव्हरहेड प्रेस (उभं राहून डोक्यावर ढकलणं), आठवड्यातून तीन दिवस. स्नॅच किंवा क्लीन अँड जर्क, म्हणजे जमिनीवरून झटक्यात डोक्यावर नेण्याचे वेटलिफ्टिंगचे प्रकार, आम्ही करत नाही. दादा सोबत असतो, तो माझ्यापेक्षा खूप जड उचलतो, आणि गेली दोन वर्षं आईपण असते, ती ६३ ची आहे. म्हणजे एकाच खोलीत तीन वेगवेगळे हात, तीन वेगवेगळ्या उंच्या, आणि रॉड मात्र सुरुवातीला एकच.

तर तो पहिला रॉड. सात फुटी, क्रोमचा चकचकीत, वर २० किलोचा स्टिकर आणि "३०० किलो क्षमता" असं मोठ्या अक्षरात छापलेलं. दांडा ३० मिमी जाड. विकणाऱ्याने जाडीच दाखवून सांगितलं की बघा किती दणकट आहे, आणि मला ते पटलं, कोणालाही पटेल, जाड म्हणजे मजबूत. आता कळतं की तिथेच मेख आहे. पोलाद साधं मऊ असेल तर ते झाकायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे दांडा जाड करणं. पुरुषांच्या वेटलिफ्टिंगचा अधिकृत रॉड २८ मिमी असतो, पॉवरलिफ्टिंगचा (स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्टची स्पर्धा) साधारण २९, आणि बायकांचा वेटलिफ्टिंगचा फक्त २५ मिमी, आणि हे बारीक दांडे आमच्या त्या जाड रॉडच्या कितीतरी पट भार खाऊन परत सरळ होतात. फरक आहे पोलादाचा.

वाकला कसा ते नीट सांगते कारण बहुतेक रॉड असेच वाकतात. ७० किलोचा स्क्वॉट, पाचवा रेप, म्हणजे पाचवी वेळ, खाली गेले आणि वर येईना. रॅकच्या, म्हणजे रॉड ठेवायच्या चौकटीच्या, सेफ्टीवर (आडव्या आधारांवर) रॉड सोडला, अगदी वीतभर उंचीवरून. सेफ्टी असतात त्याच कामाला, मी काही चुकीचं केलं नव्हतं. पण जमिनीवर पडताना धक्का प्लेट्स खातात आणि सेफ्टीवर पडताना तो सगळा धक्का दांड्यावर दोन ठिकाणी बसतो आणि टोकांची वजनं खाली झुकत राहतात. त्या दिवशी काही दिसलं नाही. पुढच्या आठवड्यात डेडलिफ्ट करताना रॉड हातात आपोआप फिरला. उचलताना जमिनीपासून गुडघ्यापर्यंत ठीक, आणि तिथून वर येताना बोटांमधून गर्रकन अर्धा वळला. पकड सैल पडली असं वाटलं म्हणून खडू लावून परत केलं, परत वळला, त्याच जागी. मग प्लेट्स काढून रिकामा रॉड रॅकच्या हुकांवर ठेवला आणि हाताने फिरवून सोडला, तर तो डुलत डुलत येऊन दर वेळी एकाच बाजूला थांबायचा. वाकलेल्या दांड्याचं पोट खाली जातं, त्याचाच हा खेळ. दोरी ताणून मोजलं, मध्यावर जवळपास ५ मिमीचा बाक.

विकणाऱ्याचं उत्तर होतं, "मॅडम, तुम्ही आपटला असेल." ३०० किलो क्षमता लिहिलेला रॉड ७० किलोला वाकतो कसा, तर त्यावर काही नाही. तेव्हा कळलं की ती क्षमता कशी मोजली, स्थिर ठेवून की पाडून, वाकेपर्यंत की तुटेपर्यंत, हे कोणीच सांगत नाही, आणि जोपर्यंत सांगत नाहीत तोपर्यंत त्या आकड्याला अर्थ नाही.

इथे एक गोष्ट समजून घ्या, ही एवढी कळली तरी पैसे वाचतील. जाहिरातीत टेन्साइल स्ट्रेंग्थ लिहितात, म्हणजे पोलाद तुटायला किती ताण लागतो. आपल्याला रॉड तुटेल का याची चिंता नसतेच, आपल्याला चिंता असते तो वाकून तसाच राहील का याची, आणि ते ठरतं यील्ड स्ट्रेंग्थवर. यील्डच्या आतला ताण असेल तर दांडा झुकतो आणि भार निघाला की परत सरळ होतो, यील्ड ओलांडला की बाक कायमचा. चांगल्या रॉडची टेन्साइल १,९०,००० पीएसआय किंवा त्याच्या वर असते, म्हणजे साधारण १,३०० मेगापास्कल, आणि यील्ड त्याच्या फार खाली नसतो. विकणाऱ्याला दोन्ही आकडे विचारा. दोन्ही सांगू शकला तर बरं, एकही माहीत नसेल तर रॉड कशाचा आहे ते त्यालाही माहीत नाही. आणि हेही लक्षात घ्या की फक्त टेन्साइल वाढवत नेली म्हणजे रॉड चांगला असं नाही, फार कडक पोलाद ठिसूळ होतं, वाकण्याऐवजी तडकतं.

चांगला रॉड बनवणं ही साधी गोष्ट नव्हतीच कधी. एलिको ही स्वीडनची कंपनी आधी घरगुती विजेची उपकरणं, वॉफल बनवायची यंत्रं वगैरे बनवायची. १९५७ साली त्यांनी पहिला रॉड बनवला, कारण त्या काळी रॉड वाकायचे आणि तुटायचे, आणि १९६३ मध्ये स्टॉकहोमच्या जागतिक स्पर्धेत त्यांचा रॉड वापरला गेला. आपल्याला स्पर्धेचा रॉड लागत नाही, त्याची किंमतही परवडत नाही, पण निदान हे कळतं की लोखंडाची सळई लेथवर मारून तिला खरखरीत केलं की रॉड झाला असं नसतं.

मग दुसरा रॉड घ्यायची वेळ आली आणि या वेळी मी तीन महिने घाई केली नाही. आणि घेतला तो २० किलोचा नाहीच, १५ किलोचा, २५ मिमी, लांबी २०१ सेंटीमीटर. दादा म्हणाला "अगं तो बायकांचा, पुढे वजन वाढलं की पुरणार नाही." मी त्याला म्हटलं तू एकदा धरून तर बघ.

माझे हात लहान आहेत. ३० मिमीच्या दांड्याभोवती बोटं गुंडाळली की अंगठा मधल्या बोटाच्या नखापर्यंतसुद्धा पोचत नव्हता. २५ मिमीवर अंगठा बोटांच्या वरून येऊन दुसऱ्या पेरापर्यंत बसतो. व्यासात ५ मिमीचा फरक ऐकायला काहीच नाही, पण घेर मोजला तर जवळपास १६ मिमी कमी होतो, आणि पकड घेराची असते. वर्षभर मी समजत होते की माझी पकड कमजोर आहे, पंजाचे व्यायाम करत होते, आणि डेडलिफ्ट ६० किलोवर अडकलेली होती. नवीन रॉडवर पहिल्याच आठवड्यात ६५ उचललं, कसलाही पट्टा न लावता. ताकद आधीपासून होती, हातात मावत नव्हती. हे मला प्रत्येक बाईला सांगावंसं वाटतं जिला जिममध्ये सांगतात की तुझी पकड सुधार. आधी रॉडची जाडी मोज बाई. जाडी मोजायचा व्हर्निअर नसेल तर दांड्याभोवती दोरा गुंडाळ, घेर मोज, ३.१४ ने भाग.

बारीक दांडा जास्त झुकतो हे खरं आहे. कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातावर जातो, त्यामुळे त्याच पोलादाचा २५ मिमीचा दांडा २८ मिमीच्या दांड्याच्या जेमतेम ६४ टक्के कडक असतो. दादाने त्यावर १४० किलोची डेडलिफ्ट केली तेव्हा प्लेट्स जमिनीवरून सुटायच्या आधी दांडा मध्ये वर उचललेला स्पष्ट दिसत होता. पण खाली ठेवल्यावर हुकांवर फिरवून बघितला, तसाच सरळ. तीन वर्षं होऊन गेली, दर दोन-तीन महिन्यांनी फिरवून बघते, बाक नाही. तरी दादाला जड स्क्वॉटसाठी हा रॉड आवडत नाही, पाठीवर डुलतो म्हणतो, आणि त्याचं बरोबर आहे. त्याने पुढे स्वतःसाठी २९ मिमीचा कडक पॉवर रॉड घेतला. स्क्वॉट आणि बेंचला कडक दांडा बरा, आणि एकटा माणूस असेल, हात मध्यम किंवा मोठा असेल आणि माझ्यासारखे हे चारच लिफ्ट करायचे असतील तर २८ ते २९ मिमीचा २० किलोचा एकच रॉड घ्या, सगळं होतं.

नर्लिंगबद्दल फोटो बघून काहीही कळत नाही, हात लावल्याशिवाय घेऊ नका, निदान परत करता येईल असा घ्या. नर्लिंग म्हणजे दांड्यावर चौकड्या कोरून आणलेला खरखरीतपणा. पहिल्या रॉडचा क्रोम इतका जाड चढवलेला होता की कोरलेल्या रेघा भरून गेल्या होत्या, हात ओला झाला की साबणासारखा सटकायचा, आणि वर्षभरात त्याच क्रोमचे पापुद्रे निघायला लागले, एक तर तळव्यात घुसला. नवीन रॉड स्टेनलेसचा आहे, वर कसलाच लेप नाही, त्यामुळे दाते जसे कोरले तसेच हाताला लागतात. तळवा दांड्यावर ठेवून हलकेच आडवा सरकवला तर कातडी अडते पण खरचटत नाही, एवढं हवं. दादाच्या पॉवर रॉडचे दाते जास्त टोकदार आहेत, त्याला हवेच होते, पण मी त्यावर दहा रेप केले की घट्टे जळजळतात.

शिवाय त्याच्या रॉडला मध्यभागीपण नर्लिंग आहे. पाठीवर स्क्वॉटला ते छान, शर्टाला धरून राहतं. पण प्रेस करताना हनुवटीखाली आणि गळ्याच्या हाडावर घासतं, आईने एकदाच करून बघितलं आणि म्हणाली हा नको. माझ्या रॉडला मध्ये गुळगुळीत आहे. आणि ते दांड्यावर बारीक गोल खुणा असतात ना, हात कुठे ठेवायचा त्या, पॉवरलिफ्टिंगच्या रॉडवर दोन खुणांमध्ये ८१ सेंटीमीटर अंतर असतं आणि वेटलिफ्टिंगच्या रॉडवर ९१. रॉड बदलल्यावर मी सवयीने खुणेवरच बेंचला हात ठेवले आणि एवढी रुंद पकड झाली की खांदा दोन दिवस दुखला. तेव्हा खुणेवर भरवसा ठेवताना आधी टेप लावा.

स्लीव्ह, म्हणजे टोकाचा फिरणारा जाड भाग जिथे प्लेट्स बसतात, त्याबद्दल दुकानात एक तमाशा करतात. हाताने झटका देऊन स्लीव्ह फिरवून दाखवतात, पंख्यासारखी फिरत राहते, लोक खूश. हे बेअरिंगवालं. स्नॅच आणि क्लीनमध्ये मनगट झटकन वळतं, प्लेट्सचं वजन त्याच्यासोबत वळू नये म्हणून तिथे बेअरिंग हवंच. स्क्वॉट-बेंच-डेडलिफ्टला त्याचा काही उपयोग नाही, ब्राँझचं बुशिंग, म्हणजे आत बसवलेली साधी कडी, पुरतं, संथ फिरतं पण अडत नाही, आणि बिघडायला त्यात फारसं काही नसतं. त्यापेक्षा स्लीव्ह धरून वर-खाली आणि आत-बाहेर हलवून बघा किती खेळ आहे. आणि टोकाला बघा, स्लीव्ह कशाने धरली आहे. पहिल्या रॉडला टोकाला एक बोल्ट होता, तो दर महिन्याला सैल व्हायचा, दर महिन्याला आवळायचा. चांगल्या रॉडला खाचेत बसणारी स्प्रिंगची रिंग असते. माझ्या नव्या रॉडची एक रिंग दुसऱ्या वर्षी निसटली, स्लीव्ह बोटभर बाहेर आली, कंपनीला फोटो पाठवला आणि त्यांनी आठवड्यात दोन रिंगा पाठवल्या, एक जास्तीची. मला हे फार आवडलं.

रॅकमध्ये बसेल का हेही आधी मोजा. पूर्ण मापाच्या रॉडला, १५ चा असो की २० चा, दोन स्लीव्हच्या मधला दांडा १३१ सेंटीमीटर असतो. माझा रॅक बाहेरून १२२ आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार सेंटीमीटर मोकळे. पहिल्या सात फुटी रॉडचा दांडा १२६ च होता, दर स्क्वॉटनंतर परत ठेवताना एक तरी बाजू ठाण करून रॅकला लागायची. दमलेल्या अवस्थेत, मागे बघता येत नसताना, दोन सेंटीमीटरमध्ये रॉड बसवणं धोक्याचं आहे.

आता प्लेट्स. पहिल्या सेटच्या रबर कोटिंगवाल्या. बिडाचा गाभा, वर पातळ रबर. चार महिने खोलीत वास मरेना. पण खरा राग वजनाचा. मी सहज एकदा धान्याच्या काट्यावर त्या मोजून आणल्या, सहा प्लेट्स, सगळ्यांवर १० लिहिलेलं, सगळ्यात हलकी ९.३८ आणि सगळ्यात जड १०.५२. एका बाजूला हलकी आणि दुसऱ्या बाजूला जड लागली तर एक किलोहून जास्त फरक, दोन-दोन लावल्या तर त्याहून जास्त. माझी बेंच कित्येक महिने डावीकडे झुकत होती, मी व्हिडिओ काढून काढून खांदा तपासत होते. आणि त्या रॉडचंही वजन केलं, २० किलोचा स्टिकर होता ना, भरला १७.४.

स्पर्धेच्या कॅलिब्रेटेड प्लेट्स लेथवर मारून आणि मागच्या बाजूला शिशाचे वा लोखंडाचे बारीक तुकडे घालून इतक्या अचूक केलेल्या असतात की पॉवरलिफ्टिंगच्या नियमात फरक पाव टक्क्याच्या आत लागतो, म्हणजे २० किलोला ५० ग्रॅम. घरी तेवढं नको. पण दोन टक्क्यांच्या आत असावं, आणि नसेल तर जोड्या तरी जुळवाव्यात. मी हेच केलं, पांढऱ्या पेंट मार्करने प्रत्येक प्लेटच्या मागे खरं वजन ग्रॅममध्ये लिहिलं आणि जवळच्या वजनाची जोडी लावली. ९.३८ च्या जोडीला ९.४५. बेंच त्याच दिवशी सरळ झाली. ज्यांच्याकडे आधीच प्लेट्स आहेत त्यांनी नवीन घेण्याआधी एवढं करून बघा, फुकट आहे.

भोकाकडे पण बघा. स्लीव्ह ५० मिमीची असते, चांगल्या प्लेटचं भोक जेमतेम अर्धा-एक मिमी मोठं. रबर कोटिंगवाल्यांचं ५४ भरलं, त्या रॉडवर तिरक्या लोंबायच्या आणि प्रत्येक रेपला खडखड. आणि जुना २५ मिमीच्या स्लीव्हचा साधा रॉड असेल तर त्याच्या प्लेट्स ऑलिंपिक रॉडवर चढतच नाहीत, हे सांगायला नको पण लोक घेऊन बसलेत म्हणून सांगते.

दुसरी खरेदी बंपर, म्हणजे पूर्ण रबराच्या, मध्ये पोलादाची रिंग. त्या मी घेतल्या आईमुळे. आईच्या गुडघ्यांना आणि कमरेला फार खाली वाकलेलं चालत नाही. मोठी प्लेट ४५० मिमी व्यासाची असते, त्यामुळे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर राहतो. बिडाची ५ किलोची प्लेट त्याच्या निम्म्या व्यासाची, रॉड नडगीच्या पार खाली, आणि तिथून उचलायचं म्हणजे पाठ गोल होणारच, ६३ वर्षांच्या बाईची तर होतेच होते. म्हणजे जो सगळ्यात नवखा आणि सगळ्यात कमी उचलणारा, त्यालाच सगळ्यात अवघड उंचीवरून उचलायला लावायचं! बंपरचं ५ किलोचंही पान ४५० मिमीचंच असतं. १५ चा रॉड आणि दोन पाच-पाच, २५ किलो, बरोबर उंचीवर. आईने पहिल्या दिवशी उचलला, खाली ठेवला, परत उचलला, आणि मग मोजायचं विसरून उचलतच राहिली. आता ती ४५ करते, आणि पिंप हलवायला कोणाला हाक मारत नाही.

पण त्या ५ किलोच्या बंपर पातळ असतात, एकट्या लावून वरून टाकायच्या नाहीत, वाकतात आणि मधली रिंग सुटते. हळू ठेवायच्या. दहाच्या पुढे बिनधास्त. घेताना रिंग आणि रबर जिथे मिळतात तिथे नखाने फिरवून बघा, फट लागली तर घेऊ नका, बंपर मरतात ते तिथूनच. आमच्या एका १० किलोच्या प्लेटची रिंग तिसऱ्या वर्षी सुटली. जुन्या टायरच्या भुश्यापासून दाबून केलेल्या बंपर स्वस्त असतात आणि टिकतातही, पण जास्त उसळतात आणि जाड असतात. बीड रबराच्या पाच-सहापट घन, त्यामुळे रबर जागा खातंच, आणि १५ च्या रॉडची स्लीव्ह आधीच आखूड, ३२ सेंटीमीटर. दादा त्यावर जड डेडलिफ्ट करतो तेव्हा आत एकेक बंपर आणि पुढे बिडाच्या, असं करून बसवतो. तेच सगळ्यात परवडणारं आहे, बंपरच्या दोन-तीन जोड्या आणि बाकी साधं बीड.

कारण तिसरी खरेदी, साध्या बिडाच्या, लेथवर मारलेल्या, वर नुसता काळा रंग, याच मला सगळ्यात आवडल्या. वास नाही, सोलायला काही नाही, १० ची प्लेट ९.९ ते १०.१ मध्ये भरली. कडा हातात धरता येतील अशा घ्या, सपाट प्लेट जमिनीवरून उचलताना बोटं चेंगरतात. रंग उडाला तर परत मारायचा, बीड काही कुठे जात नाही. खूप मोठ्या कंपनीच्या प्लेटवर आणि तिच्या निम्म्या किमतीच्या बिडावर गुरुत्वाकर्षण सारखंच लागतं, पैसा उरवायचा तर इथे उरवा आणि रॉडमध्ये घाला.

छोट्या प्लेट्स मात्र पहिल्या दिवसापासून घ्या. बहुतेक सेटमध्ये सगळ्यात लहान अडीच किलोची असते. म्हणजे एका उडीत ५ किलो वाढणार. २५ किलोचा प्रेस करणाऱ्या बाईला ती २० टक्क्यांची उडी आहे, १०० किलोचा स्क्वॉट करणाऱ्याला कोणी एकदम १२० कर म्हणतं का? सव्वा किलोची जोडी असली तरी १० टक्के. अर्ध्या किलोची जोडी लावली तर एका वेळी एकच किलो, ४ टक्के. माझा प्रेस सात महिने २५ वर होता, अर्ध्या-अर्ध्या किलोच्या प्लेट्स आल्यावर चार महिन्यांत ३० झाला.

लॉक, म्हणजे प्लेट्स घसरू नयेत म्हणून बाहेरून लावतात ते, त्याबद्दल एवढंच, तारेच्या स्प्रिंगवाल्या सैल पडतात, खटक्याने बसणारे प्लास्टिकचे किंवा ॲल्युमिनियमचे घ्या.

देखभाल फार नाही. खडू ओलावा धरून ठेवतो, म्हणून आठवड्याला नायलॉनच्या ब्रशने दाते झाडायचे, दोन महिन्यांनी शिवणयंत्राच्या तेलाचं बोट फिरवून कोरड्या फडक्याने पुसायचं, रात्रभर प्लेट्स लावून रॉड हुकांवर ठेवायचा नाही. दादाचा रॉड काळ्या ऑक्साइडच्या लेपाचा आहे, हाताला फार छान लागतो पण दमट हवेत पंधरा दिवस दुर्लक्ष केलं की तांबूस ठिपके येतात. माझ्या स्टेनलेसला काही होत नाही. हात घामट असतील आणि पुसायचा कंटाळा असेल तर स्टेनलेससाठी थोडे महिने थांबा, पैसे जमवा.

आणि माल घरी आल्यावर पावतीवर सही करायच्या आधी पॅकिंगच्या नळीतून रॉड काढून सपाट फरशीवर लोळवून बघा, सरळ लोळतो का. वाहतुकीतसुद्धा वाकतात.

१५ चा स्टेनलेस रॉड मी परत घ्यायचा झाला तर तोच घेईन. बिडाच्या प्लेट्सही त्याच. रबर कोटिंगवाल्या परत कधीच नाही. बंपर घेईन, पण दुसरीकडून, रिंग तपासून.

तो वाकलेला पहिला रॉड अजून आहे. त्याचं एक टोक खोलीच्या कोपऱ्यात जुन्या चटईत खोचलेलं असतं, दुसऱ्या टोकाला प्लेट लावून आई एका हाताने वर ढकलते, दहा डाव्याने, दहा उजव्याने. त्या कामाला दांडा सरळ लागत नाही.